मदत पुढे देणे हा गुन्हा कसा?



जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे डोंगर खचून घरे माणसांसकट गाडली गेली, आणि त्याच सुमारास कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, तेव्हा चिखल तुडवीत दारोदार गेली ती गावोगावची मंडळे आणि बचत गट. परंतु परदेशातून आलेल्या देणगीतला एक रुपयाही मुंबईच्या मोठ्या संस्थेने या मंडळांच्या हाती ठेवू नये, असे फर्मान त्याच्या दहा महिने आधीच निघालेले होते.

सप्टेंबर २०२० मध्ये परकीय अंशदान कायद्याचे सातवे कलम बदलण्यात आले. तोपर्यंत नोंदणीकृत संस्थेस दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला रक्कम देता येई, आणि नोंदणी नसलेल्यांनाही सरकारच्या पूर्वपरवानगीने, मर्यादेत का होईना, काही पोहोचविता येई. आता दोन्ही वाटा बंद. नवी दिल्लीतील एकाच बँकशाखेत खाते उघडण्याच्या सक्तीविषयी पुन्हा केव्हातरी बोलू. आज समाचार घ्यावयाचा तो या हस्तांतरबंदीचा.

कोणी म्हणतील, मंडळांनी स्वतःच परवाना काढावा. उत्तम! नियम असा की संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने किमान १५ लाख रुपये कार्यावर खर्च केलेले हवेत. जत किंवा माण तालुक्यातील ज्या महिला मंडळाजवळ सतरंज्या आणि एक लोखंडी कपाट यापलीकडे मालमत्ता नाही, त्याने प्रथम १५ लाख खर्चावेत आणि मग मदतीस पात्र व्हावे, हा न्याय ज्याला सुचला त्याच्या कल्पकतेस तोड नाही. मग मोठ्या संस्थेनेच येथे येऊन वाटप करावे म्हणावे, तर त्याच दुरुस्तीने तिच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणलेली!

दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा. परकीय पैसा घेणारा मिंधा होतो म्हणणाऱ्यांनी सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेचा दाखला पाहावा. वेश्याव्यवसायाविरुद्धच्या प्रतिज्ञेवर सही करण्याची, अमेरिकी सरकारने आपल्या निधीस जोडलेली अट अमान्य करून तिने २००५ मध्ये तो निधी नाकारला. मिरजेतही १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी अमेरिकी मिशनच्या आश्रयाने रुग्णालय काढले. त्यामुळे मिरज पारतंत्र्यात गेल्याचे ऐकिवात नाही, ती आधीच होती!

आणि सार्वभौमत्वाची ही काळजी २०१८ मध्ये कोठे होती? दोन प्रमुख पक्षांनी परकीय स्रोताच्या देणग्या घेतल्याचा ठपका २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ठेवला होता. त्यावर उतारा म्हणून वित्त विधेयकातून या कायद्यात पूर्वलक्षी सवलत घालण्यात आली, तीही थेट १९७६ पासून, म्हणजे ४२ वर्षे मागे जाऊन, आणि लोकसभेने ते विधेयक चर्चेविना संमत केले. पक्षांना ४२ वर्षांची माफी, पूरग्रस्तांच्या मंडळास एका रुपयाची बंदी!

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये २०२० ची ही दुरुस्ती वैध ठरविली, हे आम्ही जाणतो. वैध ठरलेला कायदाही संसदेला बदलता येतो. तेव्हा हस्तांतरबंदी रद्द करावी असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा, त्याची नक्कल आपल्या खासदारांकडे पाठवा आणि लेखी उत्तर मागा.