मागच्या ओळीतली खुर्ची

माझं माहेर सौंसरचं, सासर पांढुर्ण्याचं. आता 62 वर्षं झाली. आज एक चूक कबूल करायची आहे, आणि त्यावरून एक म्हणणं मांडायचं आहे.

आमच्या मोहल्ल्यातल्या देवळाच्या सभामंडपात सकाळी साडेपाचला योगवर्ग भरतो. फी नाही, फॉर्म नाही. कोणी घरची सतरंजी आणतं, कोणी चटई. शिकवणारे गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, योग नागपुरात शिकलेले. ही रीतही नागपूरचीच. तिथे 1951 साली सुरू झालेलं जनार्दन स्वामींचं योगाभ्यासी मंडळ रामनगरात आहे. पैसे न घेता, वस्तीवस्तीत, आहे त्या जागेत शिकवायचं, हा त्या मंडळाचा शिरस्ता. आपला दवाखाना नागपूरचा, लग्नाचा बस्ता नागपूरचा, तसा आपल्या वर्गाचा योगही नागपूरचाच.

आता चुकीची गोष्ट. आठेक वर्षं झाली असतील. पोळा तोंडावर आला होता. मी तेव्हा वर्गातली जुनी, पहिल्या ओळीत बसणारी. पद्मासन जमायचं, त्याचा थोडा तोराही होता. एक दिवस आमच्या थोरल्या जाऊबाई आल्या. सारा जन्म बगीच्यात गेलेला. उकिडवं बसून संत्री निवडायची, उठून टोपली उचलायची, पुन्हा बसायचं. मंडपात आल्या आणि म्हणाल्या, "मले खाली बसता येत नाही वं. गुडघे लय दुखून राह्यले."

मी म्हटलं, "मग तुम्ही नुसत्या बघा बाई. हळूहळू जमेल."

दोन दिवस त्या पायरीवर बसून बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. गुरुजींनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. त्याच हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला. नागपूरला ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा धड चालल्या नाहीत. वर्षाच्या आत गेल्या.

वर्गात आल्या असत्या तर पडल्या नसत्या, असं मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता यायचं नाही. पण "नुसत्या बघा" हे माझे शब्द मला अजून टोचतात. ज्या बाईला गरज होती, तिला मी प्रेक्षक करून टाकलं.

म्हणून माझं म्हणणं असं: दार उघडं ठेवलं म्हणजे वर्ग सगळ्यांचा होत नाही. ज्याला वाकता येतं तो कुठेही वाकेल. खरा प्रश्न त्यांचा आहे, जे म्हणतात, "आधी वजन कमी करतो, मग येतो." "लुगड्यात कसं करू?" "माझं वय झालं." ही माणसं आळशी नसतात. चारचौघांत हसं होईल, ही त्यांना भीती असते. ती भीती घालवायचं काम आधीपासून बसलेल्या आपल्यासारख्यांचं आहे.

आम्ही पुढे चार लोखंडी खुर्च्या आणल्या. तेव्हा वर्गातलेच काही म्हणाले, "खुर्चीवर कसला योग?" त्यांना मी पुण्याचं उदाहरण देते. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी फार आजारी असायचे. 1937 साली पुण्यात आले, तिथेच शिकवू लागले आणि जगभर नावाजले. त्यांच्या शिकवण्यात खुर्ची, लाकडी ठोकळे, पट्टे, भिंतीचे दोर, सगळं आलं. 1975 साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत आजही हेच वापरून शिकवतात. एवढ्या मोठ्या गुरूंना खुर्चीचं वावडं नव्हतं, तर आपल्याला कशाला?

एक आक्षेप मात्र खरा आहे. तीस माणसं आणि एक गुरुजी, लक्ष कोणाकोणाकडे देणार? म्हणून आमच्याकडे जुन्यांपैकी दोघी रोज मागच्या ओळीत नव्यांजवळ थांबतात. खुर्ची भिंतीला टेकवून, खाली चटई घालून ठेवायची, म्हणजे सरकत नाही. गुडघे दुखणाऱ्याला वज्रासनाचा आग्रह नाही. बीपीवाल्याने श्वास कोंडून धरायचा नाही. ऑपरेशन झालेल्याने आधी डॉक्टरांना विचारून यायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि पुन्हा बसायचं, एवढं जरी रोज दहा वेळा केलं तरी पायांना काम मिळतं. आणि "शेजारणीला जमतं, तुला का नाही?" हे वाक्य आमच्या मंडपात बंद.

2015 पासून 21 जूनला योग दिवस होतो. त्या दिवशी मैदान भरतं, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण 22 जूनला सकाळी कोण येतं, यावर मी वर्ग कसा आहे ते ठरवते. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला जिल्हा झाला. आता आपण ऑफिसं मागतो, इमारती मागतो. मागायलाच पाहिजेत. पण मोहल्ल्याच्या योगवर्गाला योगभवनाची वाट बघायची गरज नाही. सभामंडप आहे, सतरंजी आहे, चार खुर्च्या कोणाच्याही घरी निघतात.

आता माझाही उजवा गुडघा बोलू लागलाय. गेल्या दिवाळीपासून मीच मागच्या ओळीत खुर्चीवर असते. पहिल्या दिवशी लाज वाटली, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर एक नवी सून सासूला घेऊन आली. सासूबाई दारातच थबकल्या. मी म्हटलं, "या बाई, इथे बसा. मलाही खाली बसता येत नाही."

त्या अजून येतात.

तुमच्या घरात पायरीवर बसून बघणारं कोणी असेल, तर उद्या त्यांना हाताला धरून आणा. सकाळी साडेपाच. चटई नसली तरी चालेल.