पश्चात्ताप डोळ्यांत कीं हातांत?

गुन्हेगारास पश्चात्ताप झाला म्हणजे त्याची शिक्षा हलकी करावी काय, हा प्रश्न केवळ वकिलांनीं आपसांत चघळावा असा नाहीं. कोर्टाची पायरी आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांसही चढावी लागते.

आम्ही शाळामास्तर रोजच लहानसहान न्याय करतों. बोलका पोर चूक होतांच "गुरुजी, पुन्हां नाहीं करणार" म्हणून मोकळा होतो. कुंभाराचें मुकें पोर मान खालीं घालून बोलणीं खातें, आणि दोन दिवसांनीं फुटलेल्या माठाच्या जागीं घरून नवा माठ आणून ठेवतें. यांत खरा पस्तावा कोणाचा, हें ओळखण्यास आम्हांस वर्षें लागलीं. न्यायाधीशापुढें तर आरोपी घटकाभर उभा! वकिलानें पढविलेले अश्रू आणि गरिबाचें मौन त्यानें कोणत्या तराजूंत घालावें?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमांत एक चांगली तजवीज आहे. चोरी ५,००० रुपयांच्या आंतली असून आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल, व त्यानें वस्तु किंवा तिची किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा. तोंडच्या शब्दांपेक्षां परतफेड मोठी, हें सरकारनें मानलें याचा आम्हांस आनंद आहे. परंतु पोटासाठीं उचललेलें ज्वारीचें पोतें ज्याच्या घरीं खाऊन संपलें, त्यानें किंमत आणावी कोठून? गांठीस पैसा असेल तो संध्याकाळपर्यंत पश्चात्तापी, नसेल तो निर्ढावलेला! बरें, समाजसेवेस मजुरी नाहीं. म्हणजे तींतून फेडण्याचीही वाट बंद.

औंध संस्थानांत १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची वसाहत निघाली. तो भाग आज सांगली जिल्ह्यांत आहे. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधि ब्राह्मण होते खरे, पण चांगल्यास चांगलें म्हणण्यास आमची ना नाहीं. कैद्यांनीं तेथें बायकामुलांसह राहावें व शेती करावी. पस्तावा नांगरानें सांगावयाचा, अशी ती रीत.

म्हणून आमचें मागणें असें कीं, किंमत हप्त्यांनीं किंवा मजुरी करून फेडण्याची मुभा या कलमांत स्पष्ट घालावी, आणि ज्याचें धान्य गेलें त्या शेतकऱ्याचें म्हणणें शिक्षेपूर्वीं ऐकावें. चोर तीन वर्षें तुरुंगांत बसला तरी त्याच्या कणगींत पसाभर ज्वारीही परत येत नाहीं.