साडेबारा घटका

गेल्या मार्गशीर्षात भाच्याच्या वास्तुशांतीसाठी सुरतला, डिंडोलीत गेले होते. भाचा मूळचा इचलकरंजीचा. तिथं यंत्रमागावर जॉबर होता, आता सुरतेत तेच काम करतो. डिंडोलीत खानदेशची मंडळी पुष्कळ. त्यामुळे जिन्यात अहिराणी, दुकानात गुजराती आणि आमच्या खोलीत नेहमीचं मराठी-कन्नड!

अक्कानं गावाकडून कन्नड पंचांग आणलं होतं. त्यात दशमीपुढे छापलं होतं : 12 घटी 30 विघटी. दशमी संपायच्या आत कलश ठेवायचा, असा तिचा आग्रह. भटजी तर साडेअकराशिवाय येणार नव्हते. भावोजींनी पेन्सिल घेतली. घटका 24 मिनिटांची, म्हणजे बारा घटकांचे 4 तास 48 मिनिटं. "आणि विघटी म्हणजे आपली विपळं. तीस विपळांची 12 सेकंदं. सोडून द्या."

आपल्यासारख्या दुभाषी घरात नेमकं इथंच चुकतं. मराठीत घटकेची 60 पळं आणि पळाची 60 विपळं. पळ 24 सेकंदांचं, विपळ अर्ध्या सेकंदाहूनही लहान. कन्नड पंचांगातली विघटी मात्र घटीचा साठावा भाग, म्हणजे आपलं पळ! तीस विघटींची 12 सेकंदं नव्हे, 12 मिनिटं. एकूण बरोबर पाच तास.

सोपी रीत सांगते. अडीच घटकांचा एक तास. घटकांना दोनानं गुणून पाचानं भागलं की तास येतात. पळांचं तसंच केलं की मिनिटं. (आपल्या भागातल्या कन्नडातही 'तासु'च म्हणतात, दक्षिणेकडचे 'गंटे' म्हणतात.)

आता हे पाच तास मोजायचे कुठून? सूर्योदयापासून. भावोजी म्हणाले, "इथं सूर्य 7-06 ला उगवला, म्हणजे 12-06 पर्यंत दशमी." पण पंचांग बेळगावचं, त्यावर सूर्योदय 6-50 छापलेला. तिथी सगळीकडे एकाच क्षणी संपते. म्हणून पंचांग ज्या गावचं, त्याच गावचा सूर्योदय धरायचा. दशमी 11-50 लाच संपणार होती. (मे महिन्यात या दोन गावांच्या सूर्योदयात जेमतेम एक-दोन मिनिटांचा फरक असतो, थंडीत मात्र तो पाव तासावर जातो.) राहुकाळाचं उलट. तो आपण असू त्या गावच्या दिवसमानावर काढायचा. त्या दिवशी गुरुवार, म्हणजे राहुकाळ दुपारचा, त्याची काळजी नव्हती.

हा सगळा हिशेब चालला होता तेव्हा घराचा मालक भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. रात्रपाळी करून सात वाजता सुटलेला. रजा मिळाली नव्हती आणि संध्याकाळी सातला परत मागावर जायचं होतं. बारा तासांची पाळी, म्हणजे तीस घटका उभ्यानं. उरलेल्या तीस घटकांत जाणं-येणं, जेवण, पूजा, पाहुणे आणि झोप.

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि पंचांग मिटलं. "साडेअकराची वाट कशाला? दशमी आत्ताही आहेच की. ए, उठ बाळा. तू आणि सूनबाई मिळून कलश ठेवा. भटजी आले की पूजेला आम्ही म्हातारा-म्हातारी बसतो. तू झोप."

"मावशी, चालतं का असं?" त्यानं मला विचारलं.

मला शास्त्र कुठलं ठाऊक? म्हटलं, "तुझी आई म्हणते ना, मग चालतं."

साडेआठला कलश ठेवला. नऊला तो आतल्या खोलीत झोपला. बाहेर मंत्र, घंटा, आरती, पोरांचा दंगा, सगळं झालं. दोन वाजता सुनेनं जेवायला उठवलं. अक्कानं बोटांवर मोजलं आणि मला हळूच म्हणाली, "पाच तास झोपला गं. साडेबारा घटका."