सोमवारची प्रार्थना

रविवारची उपासना आटोपते आणि दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बाजार भरतो. बैलांच्या दावणी, टेम्पोंच्या रांगा, रुमालाखाली बोटं धरून होणारे सौदे, कल्याण-नगर रस्त्यावरची वर्दळ. ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेचा कस मला या सोमवारीच लागताना दिसतो. रविवारी मंडळी सोबत असते, पाळक असतात, पेटी-तबला असतो, आपला आवाज खाली आला तरी गीत उचलून धरणारे बाकावर शेजारी बसलेले असतात. सोमवारी पहाटे डेअरीला दूध घालायचं असतं, पोरांचे डबे भरायचे असतात, रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरून आलेल्याचे डोळे मिटत असतात. तिथे सोबतीला कोणी नसतं.

अशा वेळी एक तक्रार हमखास ऐकू येते: प्रार्थनेला बसतो, पण मन लागत नाही. ही तक्रार करणारी माणसं प्रामाणिक असतात, त्यांना देव हवा असतो. तरीही मला वाटतं, मन लागण्याची वाट पाहत बसणं हीच त्यांची मोठी अडचण आहे. वेळ ठरवावी, जागा ठरवावी, निदान सुरुवातीचे शब्द ठरवावेत, आणि त्या वेळी त्या जागी बसावं. मन मागून येतं. एखाद्या दिवशी येतही नाही, तरी त्या दिवसाची प्रार्थना देवापुढे ठेवलेली असते.

हे या मुलखाला नवं नाही. बेल्ह्याच्या शेजारी आळ्याला, ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. वारकरी परंपरा ज्यांना तुकोबांचे गुरू मानते त्या बाबाजी चैतन्यांची समाधी याच जुन्नर तालुक्यात ओतूरला आहे. इथला माळकरी संध्याकाळी हरिपाठाला बसतो तेव्हा आज भाव दाटून आलाय का, हे आधी तपासत नाही. पाठ चुकवायचा नाही, एवढंच त्याला ठाऊक असतं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या आधारानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते मानत. त्यांनी अभंगातून ख्रिस्ताला आळवलं आणि मराठी मंडळ्या आजही त्यांची गीतं ‘उपासना संगीत’ हाती धरून गातात. टिळकांकडून आपण गाणं घेतलं. त्या गाण्यामागची रोजची बैठक मात्र आपल्या घराघरात तितकी मुरली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ती बैठक कशी असते हे पाहायला आपल्याला पुणे जिल्ह्याबाहेरही जावं लागत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत मुख्यतः विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. सदनात धर्माची सक्ती नव्हती. मुलींनी आपापले आचार पाळावेत, पूजा-उपवास करावेत, त्याला आडकाठी नव्हती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि मुलगी मनोरमाला घेऊन आपल्या खोलीत रोज पवित्र शास्त्र वाचून प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. त्या गृहस्थांची काळजी खोटी नव्हती. विधवा मुलींच्या आईबापांना दिलेला शब्द त्यांच्यावरही बंधनकारक होता, आणि बाईंच्या सहवासाचा परिणाम मुलींवर होणार हे त्यांना दिसत होतं. पण रमाबाईंचं म्हणणंही सरळ होतं. मुलींना त्यांच्या देवापुढे बसायची मोकळीक आहे, तशीच मलाही आहे. मी कोणाला बोलावत नाही आणि दारही लावून घेणार नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगतो. मग रमाबाईंनी ती आज्ञा मोडली का? मला तसं वाटत नाही. येशूचा रोख चौकात उभं राहून लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या प्रार्थनेवर आहे. दानीएलाने तर राजाचा मनाई हुकूम निघाल्याचं कळल्यावरही, यरुशलेमच्या दिशेच्या खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत, दिवसातून तीनदा गुडघे टेकले. नवीन काही दाखवायला म्हणून त्याने हे केलं नाही. तो रोज करत आला होता तेच करत राहिला, असं शास्त्र आवर्जून सांगतं. रमाबाईंचंही तसंच. वाद पेटला म्हणून त्यांनी प्रार्थना वाढवली नाही, आणि लपवलीही नाही. बेल्ह्यासारख्या गावी, एखाद्या आळीत एकटंच ख्रिस्ती घर असतं तेव्हा हे उदाहरण फार उपयोगी पडतं. जेवणाआधी डोळे मिटले तर पाहुणे काय म्हणतील या संकोचापायी किती घरांतली प्रार्थना आधी हळू झाली, मग बंद पडली! दार मुद्दाम उघडू नये, मुद्दाम लावूही नये. घरात रोज जे चालतं ते चालू द्यावं.

रमाबाईंची दुसरी गोष्ट केडगावच्या मुक्ती सदनातली, १९०५ सालची. वेल्समध्ये आदल्या वर्षी मोठी आत्मिक जागृती झाल्याचं वर्तमान इथवर आलं होतं. त्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोजच्या खास प्रार्थनेसाठी बोलावलं. सुरुवातीला सुमारे सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत सुमारे साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या, आणि जूनच्या अखेरीस ती जागृती आली जिच्याविषयी जगभर लिहिलं गेलं. आपल्या सभांमधून अजूनही जून महिनाच सांगितला जातो. जानेवारी ते जून कोणी सांगत नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली, सदनाची दळणं, धुणी, शाळा, छापखाना हे सारं सांभाळून, समोर काही घडताना दिसत नसतानाही सहा महिने रोज येऊन बसत होत्या. माझं मन त्या सहा महिन्यांवर खिळतं. आणि जागृती ओसरल्यावरही रमाबाई थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणण्याचं काम त्या १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत करत राहिल्या.

आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ठरलेल्या शब्दांविषयी एक अढी आहे. आपसूक ओठांवर येईल तीच खरी प्रार्थना, पाठ म्हटलेली ती पोपटपंची, असं लहानपणापासून कानावर पडतं. हे मत मला मान्य नाही. शिष्यांनी प्रार्थना करायला शिकव म्हटलं तेव्हा येशूने त्यांना शब्दच दिले. ‘दिदाखे’ नावाचा मंडळीच्या अगदी आरंभकाळचा ग्रंथ प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगतो. वसईच्या कॅथलिक घरांतून संध्याकाळी जपमाळ होते. तिथली पोरं ते शब्द अर्थ कळण्याआधी शिकतात, आणि म्हातारपणी बाकी सगळं विसरायला झालं तरी ते शब्द ओठांवर राहतात. घरात मयत झालेलं असतं, दवाखान्याच्या बाकावर रात्र काढायची असते, तेव्हा स्वतःचे शब्द सुचत नाहीत. पेरणीच्या दिवशी कोणी गोऱ्ह्याला जू शिकवत नाही, ते आधीच अंगवळणी पडलेलं असावं लागतं. ठरलेल्या शब्दांनी सुरुवात करावी आणि मग मनातलं बोलावं. दोन्हींचं भांडण नाही.

वेळेविषयी थोडं. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधारातच उठून एकांत जागी जातो, आणि आपले उपदेशक त्यावरून पहाटेच्या प्रार्थनेचा आग्रह धरतात. जुन्नरच्या शिवारात पहाटे अंधारात एकट्याने बाहेर पडणं बिबट्यामुळे जिवावरचं आहे, आणि चारला उठून गोठ्यात शिरणाऱ्या बाईला आणखी एक तास आधी उठ म्हणणं निष्ठुरपणाचं आहे. स्तोत्रकर्ता संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तिन्ही वेळा सांगतो. गुरं दुपारी बसतात ती वेळ असेल, पोरं शाळेत गेल्यावरची पंधरा मिनिटं असतील. वेळ कोणतीही चालेल, फक्त ती रोज बदलती नको. आणि घरातल्या पुरुषांनी हे ऐकावं: बायकोच्या प्रार्थनेची पंधरा मिनिटं कोणी चहा मागून मोडू नयेत, हे पाहणं तुमच्याकडे.

यावर काही जण म्हणतात, आमचं कामच आमची प्रार्थना. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत आणि भांड्यांच्या गडबडीतही देवाच्या सान्निध्यात राहत, हे खरं आहे. पण ते मठात होते, आणि ठरल्या वेळी प्रार्थनेलाही जात. ठरलेली वेळ पाळणाऱ्याचं काम प्रार्थना होऊ शकतं. वेळच सोडून दिली की बहुतेकांचं काम फक्त काम राहतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना मी स्तोत्रसंहिता सुचवतो. स्तोत्रं दीडशे आहेत, रोज पाच वाचली की महिन्यात होतात. पहिल्या तारखेला १ ते ५, दुसऱ्या तारखेला ६ ते १०, याप्रमाणे. ११९ वं स्तोत्र १७६ ओव्यांचं आहे. ते चोवीस तारखेच्या वाट्याला येतं, पण ज्या महिन्याला एकतीस तारीख आहे त्यात त्या दिवसासाठी राखून ठेवावं. मोठ्याने वाचावं, एखादी ओळ काळजाला भिडली तर तिथे थांबावं, घरच्यांची, शेजाऱ्यांची, आजाऱ्यांची नावं घ्यावीत, प्रभूची प्रार्थना म्हणून उठावं.

या क्रमात दर अठरा तारखेला ८८ वं स्तोत्र येतं. बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. आपण आनंदात असू त्या महिन्यातही ते वाचायचं, कारण त्या दिवशी मंडळीतलं कोणीतरी नक्कीच त्या अंधारात बसलेलं असतं आणि त्याच्या वतीने आपण ते वाचतो. आणि तो कोणीतरी आपणच असू त्या महिन्यात ते आपल्यासाठी तिथे आधीच असतं.

खंड पडेल. कांदा काढणीत पडेल, लग्नसराईत पडेल, घरातल्या आजारपणात पडेल. तेव्हा मागची राहिलेली स्तोत्रं भरून काढायला बसू नये. त्या थकबाकीच्या धास्तीनेच पुष्कळ माणसं कायमची उठून गेली आहेत. आज तारीख सतरा असेल, तर ८१ व्या स्तोत्रापासून सुरुवात करावी.