न खेळलेल्या खेळाची किंमत

ऑगस्ट 2021 मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमची एक प्रत अमेरिकेत 20 लाख डॉलरला विकली गेली. तेव्हाच्या दराने सुमारे 15 कोटी रुपये. खेळ 1985 सालचा. विकणाऱ्या ‘रॅली’ या कंपनीने हीच प्रत एप्रिल 2020 मध्ये 1 लाख 40 हजार डॉलरला घेतलेली होती. या विक्रीच्या महिनाभर आधी ‘सुपर मारिओ 64’ या 1996 सालच्या खेळाची प्रत हेरिटेज या लिलावगृहात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली होती. या खेळाच्या जगभर एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत, तेव्हा त्याला दुर्मिळ म्हणण्यात अर्थ नाही. दुर्मिळ होती ती त्या विशिष्ट प्रतीची अवस्था: कारखान्यातून निघाल्यापासून तिचे वेष्टन कोणी फाडलेच नव्हते.

मराठीच्या अध्यापकांना या उठाठेवीशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या मते कर्तव्य आहे. संहिता आणि प्रत यांचे नाते काय, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या तासाला आपण रुक्ष करून टाकतो; इथे तो कोट्यवधी रुपयांचे आकडे लावून उभा आहे.

या बाजारातील मूल्यमापनाची रीत मोठी उद्बोधक आहे. ‘वाटा गेम्स’सारख्या संस्था सीलबंद प्रतीच्या खोक्याला दहापैकी गुण देतात आणि वेष्टनाला अक्षरांत स्वतंत्र श्रेणी. वरील ‘मारिओ 64’च्या खोक्याला 9.8 गुण होते आणि वेष्टनाला ‘ए डबल प्लस’. गुण पडले की प्रत पारदर्शक, कठीण प्लास्टिकच्या पेटीत बंद होते. आतील खेळाविषयी परीक्षक अवाक्षर काढत नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा न सोडता वरच्या लाखेला गुण द्यावेत, तसा हा प्रकार. (विद्यापीठाच्या केंद्रीय मूल्यांकनात उन्हाळे काढलेल्यांना ही कल्पना क्षणभर मोहात पाडेल, हे मान्य.) जुलै 2021 मध्येच ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची एक सीलबंद प्रत 8 लाख 70 हजार डॉलरला विकली गेली. या खेळात खेळणाऱ्याची मजल जतन करण्यासाठी कॅसेटमध्ये एक लहानशी बॅटरी असते, आणि बॅटरीला आयुष्य असते. ती अजून जिवंत आहे की नाही हे पाहायचे तर पेटी फोडावी लागेल. पेटी फोडली की किंमत गेली. म्हणजे ती कृती अजून ‘आहे’ की नाही हे न तपासणे, हीच तिच्या मूल्याची अट.

हे भाव कृत्रिमरीत्या फुगवले गेले, असा आरोप करणारा दावा 2022 साली अमेरिकेत ‘वाटा’विरुद्ध दाखल झाला. त्याच्या तपशिलात शिरण्याचे आम्हाला कारण नाही. भाव खरा असो वा फुगवलेला, तो कशाला दिला जातो हे त्याने बदलत नाही.

ग्रंथसंग्राहकही काही विरक्त नसतात. पाने न कापलेले पुस्तक, मूळ वेष्टनासह पहिली आवृत्ती, यांना अधिक दाम मोजणारे तिथेही आहेत. परंतु ग्रंथाच्या व्यवहारात एक उलटा प्रवाहही आहे. लेखकाने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली प्रत, जाणत्या वाचकाने समासात टिपा केलेली प्रत, एकाने दुसऱ्याला भेट दिल्याचे दोन शब्द असलेली प्रत: इथे वापराची खूण मोल वाढवते. पोथीच्या बाबतीत तर वापर हेच अस्तित्व. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती त्यांच्यापुढे असलेल्या अशुद्ध प्रतींच्या आधारे. त्या अशुद्ध का झाल्या? लोकांनी त्या वाचल्या, म्हटल्या, उतरवून घेतल्या, उतरवताना चुकले आणि आपल्या बोलीचा शब्द घालून पुढे गेले म्हणून. पाठभेद हा संहिता जगत असल्याचा पुरावा असतो. सीलबंद प्रतीला पाठभेद नसतो.

आता आपल्याकडे येऊ. अच्छाडला महाराष्ट्र संपतो आणि महामार्ग भिलाडकडे, गुजरातेत निघून जातो. या तलासरी-डहाणूच्या पट्ट्यातच काय, एकूण महाराष्ट्रात 1990च्या दशकात हा खेळ ज्या रूपात पोचला ते रूप संग्राहकांच्या यादीत बसत नाही. आपल्याकडे बव्हंशी आल्या त्या जपानी यंत्राच्या नकला. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही त्यांतली काही नावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या त्यांच्या कॅसेटींवर ‘64 इन 1’, ‘9999 इन 1’ असे आकडे असत. 9999 खेळांची ती यादी उघडली की ध्यानात येई, मूळ खेळ थोडकेच. तेच निराळ्या नावांनी, मधल्याच टप्प्यापासून सुरू करून पुनःपुन्हा छापलेले. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा विधी कोणी कोणाला शिकवला कोण जाणे, पण सगळ्यांना येत होता.

अशा बऱ्याच कॅसेटींत प्रारंभीच्या पडद्यावरील कंपनीचे नाव आणि साल पुसून टाकलेले असे. अभंगाच्या अभ्यासकाला इथे थबकायला हवे. आपल्या परंपरेत कोणा अनामिकाने अभंग रचावा आणि त्यावर ‘तुका म्हणे’ची मुद्रा उमटवावी, हे शेकडो वेळा घडले; प्रक्षिप्त अभंगांचा सारा वाद त्यातूनच उभा राहिला. इथे नेमके विपरीत घडले: कृती दुसऱ्याची, मुद्रा पुसलेली. चोरी ती चोरीच, तिचे समर्थन आम्ही करणार नाही. पण एका अख्ख्या पिढीने हा खेळ निर्नायकी, निनावी संहिता म्हणून अनुभवला, ही गोष्ट ग्रहणाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. आणि तिचा पुरावा केवळ त्या बनावट कॅसेटींत आहे. पंधरा कोटींच्या प्रतीत तो असणे शक्य नाही, कारण तिला कोणी हातच लावलेला नाही.

वापर आणि किंमत यांचा हा ताण या भागाला नवा नाही. वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघट देवी असते. लग्न पार पडले की चौकाचे काम झाले. पुढच्या सारवणात तो जातो आणि त्याचे कोणाला सुतक नसते. 1970च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी इथे आले, चित्र भिंतीवरून कागदावर उतरले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर गेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आल्यावर चित्राला मालक आला, सही आली, भाव आला. त्यामुळे काही घरांत पैसा आला हे उत्तम झाले, आणि नाक मुरडण्याचा अधिकार पगारी अध्यापकांना तर मुळीच नाही. तरी एवढे खरे की भिंतीवरच्या चौकाला आजही बाजारभाव नाही. तो विकता येत नाही, कारण तो ‘झालेला’ असतो.

संग्राहक निदान वस्तू जपतात, असा एक प्रतिवाद होईल, आणि तो पोकळ नाही. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने 2023 साली केलेल्या पाहणीत अमेरिकेतील जुन्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत असे आढळले. ग्रंथालयांनी जपलेले खेळ अभ्यासकांना दुरून पाहता यावेत म्हणून मागितलेली सवलत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने 2024 मध्ये नाकारली. अशा स्थितीत खासगी कपाटांनीच पुष्कळ काही वाचवले आहे. पण ते कपाट कशाची निवड करते, याचा विचार व्हायला हवा. आपल्याकडे तर तेवढेही कपाट नाही. 1954च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे जाते; त्या कक्षेत हे खेळ येत नाहीत, आणि बनावट कॅसेट तर कोणत्याच कायद्याच्या कक्षेत सन्मानाने येणार नाही.

1805 ते 1867 या काळातील मराठी मुद्रितांना आपण ‘दोलामुद्रिते’ म्हणतो. त्यांतली कितीतरी शाळकरी क्रमिक पुस्तके होती, फाटून जाण्यासाठीच छापलेली. ज्या थोड्या प्रती उरल्या त्या आज ग्रंथसंग्रहालये जिवापाड जपतात, आणि पानावर कोणा पोराने गिरवलेल्या अक्षरांसकट जपतात. आमची सूचना साधी आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी एक कप्पा या कॅसेटींसाठी रिकामा करावा. विद्यार्थ्यांनी आपल्या मामा-काकांकडून, माळ्यावरच्या खोक्यांतून त्या आणाव्यात. नोंदवहीत इतकेच लिहावे: कुठे घेतली, कितीला घेतली, किती जणांत मिळून खेळली, यादीतले कोणते खेळ खरोखर चालतात.

कॅसेटच्या पाठीवर बहुधा बॉलपेनने एखाद्या मुलाचे नाव लिहिलेले सापडेल, हरवू नये किंवा शेजाऱ्याच्या कॅसेटीशी बदलू नये म्हणून. लिलावगृहाच्या लेखी तो दोष. त्याचे गुण कापले जातात. आमच्या नोंदवहीत पहिला रकाना त्या नावाचाच ठेवावा.