आडनावांचा चषक
उन्हाळा आला की बंगळूरुतली माझी कोडव मित्रमंडळी हॉकी स्टिक गाडीत टाकून घराण्यांच्या हॉकी स्पर्धेसाठी कोडगूला पळतात. पंडंड कुट्टप्पांनी १९९७ साली करडा गावी ६० घराण्यांना घेऊन ही स्पर्धा सुरू केली; २०२४ मध्ये नापोक्लूत ३६० घराणी उतरली आणि गिनीज विक्रम झाला. संघ घराण्याचा, यजमान दरवर्षी नवं घराणं, चषकाला नावही त्याचंच. एकाच संघात आजोबा आणि नात, आरोळ्या कोडव भाषेत. आयर्लंडमधली आयरिशभाषक गावं १९६९पासून गेलिक फुटबॉलच्या स्पर्धेतून असंच भाषा जपणं साधताहेत. भाषा भाषणांनी नाही, मैदानावरच्या आरडाओरड्याने टिकते. आपल्या इथल्या महाराष्ट्र मंडळाने घराण्यांची खो-खो स्पर्धा भरवावीच. कुलकर्ण्यांचे किती संघ होतील, ते नंतर बघू!