अपंगांचा हक्क संगणकात अडकवू नका!

बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून द्यावा, असे भारतीय संविधानाच्या कलम ४१ ने राज्याला बजावले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट न्यायालयात जाता येत नाही, असे कुणी कायदेपंडित म्हणेल. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सामाजिक सुरक्षेची जबाबदारी सरकारवर स्पष्ट शब्दांत टाकली आहे. म्हणजे अपंगाला मिळणारे अनुदान ही कुणा मंत्र्याची मेहेरबानी नाही, की देवळाच्या पायरीवर टाकलेली भीक नाही. तो हक्क आहे! मग तो मिळवताना अपंगालाच आरोपीसारखे पुरावे गोळा करत का फिरावे लागते?

जून २०२१ पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र ‘स्वावलंबन’ पोर्टलवरूनच मिळते. फोटो, सही किंवा अंगठा, आधार, मोबाइल क्रमांक हे सारे भरायचे, मग डॉक्टरांकडून तपासणी, मग कार्डाची वाट पाहायची. कार्ड हाती आले तरी पैसे सुरू होत नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी वेगळा अर्ज असतो. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्व, ५० हजारांच्या आतले वार्षिक उत्पन्न, १५ वर्षांचा रहिवास, तहसीलदाराचा दाखला, तालुका समितीची मंजुरी, आधारशी जोडलेले बँक खाते, आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला! १९८० साली सुरू झालेल्या या योजनेत अपंगांची रक्कम २०२५ मध्ये महिना दीड हजारांवरून अडीच हजार झाली, हे चांगलेच झाले. पण रक्कम वाढली तरी दरवाजा अरुंदच राहिला.

या दरवाजात कोण अडकतो? अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातून नगरच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत यायचे तर अंतर शंभरावर किलोमीटर. एका माणसाला आणायचे तर सोबत दुसऱ्याची मजुरी बुडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन घर सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तपासणीची तारीख नेमकी त्या महिन्यांत आली तर? अर्ज भरताना दिलेला मोबाइल दुसऱ्याचा असेल आणि ओटीपी त्याच्याकडे गेला तर? कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या माणसाने कुठला ठसा द्यायचा? आंधळ्या माणसाने पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे ओळखायची कशी? बँकेच्या ऑनलाइन ओळख पडताळणीत अंध आणि ॲसिडहल्ला पीडितांना येणाऱ्या अशाच अडचणींवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आणि डिजिटल सेवेपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. निकाल आला, पण तो तालुक्याच्या सेवा केंद्रापर्यंत पोहोचला काय?

ऑनलाइनमुळे दलाल संपले, असे सांगितले जाते. पैसे थेट खात्यात जमा होतात, मधल्या हातांना ते लागत नाहीत, हे खरे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. आमचे भांडण संगणकाशी नाही. पण ज्याला अर्ज स्वतः भरता येत नाही, त्याला कुणाच्या तरी हाती-पाया पडावेच लागते. तेव्हा दलाल संपला नाही, तो संगणकापुढे जाऊन बसला!

दुसरीकडे वरच्या थरात काय चालते, तेही याच जिल्ह्याने देशाला दाखवले. २०२४ मध्ये गाजलेल्या पूजा खेडकर प्रकरणात नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावाची अपंगत्वाची प्रमाणपत्रे वादात सापडली. लोकसेवा आयोगाने जुलैमध्ये त्यांची उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवेतून मुक्त केले. आरोप त्यांनी नाकारले आहेत, निवाडा न्यायालय करील. बनावट प्रमाणपत्र घेणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. त्या जरूर द्याव्यात. परंतु आरक्षित खुर्चीच्या संशयाची किंमत अडीच हजारांच्या निराधाराने का मोजावी? चाळणी लावायचीच तर ती वरून लावा.

याच जिल्ह्यात दुसरी वाटही आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. ज्यांना विहिरीवर येऊ दिले जात नव्हते, त्यांच्याकडे गाव औषधाला येऊ लागले! सेवा माणसाच्या दाराशी नेता येते, हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केले. मग आज संगणक हाती असलेल्या सरकारला ते का जमू नये?

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तालुक्यात ठरलेल्या दिवशी अपंगत्व तपासणी व्हावी आणि ऊसतोड हंगाम संपल्यावर खास शिबिर भरावे. अर्ज भरून देणे हे ग्रामपंचायतीच्या केंद्राचे कर्तव्य ठरावे. ज्याला ऑनलाइन जमत नाही, त्याचा कागदी अर्ज पोच देऊन घ्यावा. नाकारलेल्या अर्जाचे कारण मराठीत आणि लेखी मिळावे.

आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांनो, आपणही केवळ निवेदने देऊन थांबू नये. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांवर खर्च करायची असते. त्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत उभे राहून मागा. वस्तीतली शिकलेली पोरे आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसली, तर कितीतरी अर्ज फुकट भरले जातील. जयंतीच्या वर्गणीतून एक संगणक आणि एक प्रिंटर घेणे अवघड नाही. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, त्याच्या घरी आपण जायचे असते!